कॉकेशसमध्ये कुणाची दोस्ती कामी आली?

आर्मेनियन वस्तीच्या काराबाख प्रदेशावरून आर्मेनिया आणि अझरबैजान भांडत होते; आर्मेनियाचा दोस्त रशिया, अझरबैजानचा तुर्कस्तान. कागदावर रशियाचं पारडं जड: आर्मेनियातल्या ग्युम्रीत लष्करी तळ, वर दोघेही सामील असलेला सामूहिक सुरक्षा करार. तुर्कस्तानने अझरबैजानला बायरक्तार ड्रोन आणि उघड पाठिंबा दिला. २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात हे ड्रोन आर्मेनियाचे रणगाडे वरून टिपत होते. युद्धविराम मात्र मॉस्कोनेच घडवला आणि १,९६० शांतिसैनिक काराबाखमध्ये नेमले. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजान चाल करून आला तेव्हा हे शांतिसैनिक हाताची घडी घालून बसले. लाखभर आर्मेनियन घरदार सोडून निघाले. तुर्कस्तानचं प्रेमही फुकटचं नाही म्हणा, अझरबैजानचं तेल २००६ पासून तुर्कस्तानच्याच जेहान बंदरातून जगभर जातं. तरी अडीनडीला उपयोगी पडणारा मित्र तुर्कस्तानच ठरला. आर्मेनियाने २०२४ मध्ये सुरक्षा करारातला आपला सहभाग गोठवला.