आपत्तीनंतरचा सामुदायिक सौर संच: ऑक्सिजनची एक रात्र निघते का?

सौर संच दाखवताना विक्रेता आधी पॅनेलची संख्या सांगतो. वादळ किंवा भूकंपानंतर वीज आठवडाभर आली नाही, तर आजारी ज्येष्ठांसाठी पहिला प्रश्न मात्र बॅटरीचा असतो: संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत ती पुरेल का? शाळा, सभागृह किंवा लहान दवाखान्याच्या छतावर बसवायच्या मध्यम आकाराच्या संचांकडे इथे त्याच नजरेने पाहिलं आहे. या गटात साधारण ५४० वॅटचे सहा पॅनेल (३.२४ किलोवॅट), पॅनेल, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही सांभाळणारा ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी येते.

बॅटरीवर ५.१२ युनिट लिहिलेले असतात. तळाचे दहा टक्के राखून आणि इन्व्हर्टरमधली घट वजा करून हातात साधारण सव्वाचार युनिट येतात. मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन हवेतून वेगळा करून देणारा घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तीनशे ते साडेतीनशे वॅट घेतो. साडेतीनशे धरले, तर चौदा तासांना ४.९ युनिट झाले. म्हणजे एका रुग्णाच्या एका मशीनलाही एक बॅटरी रात्रभर पुरत नाही. त्यात इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच पन्नासेक वॅट घेतो, म्हणजे आणखी ०.७ युनिट. ‘घरभर वीज’ म्हणून विकला जाणारा संच इथेच तोकडा पडतो. कमी वॅटचे दिवे दाखवून केलेल्या प्रात्यक्षिकात हे कधी दिसत नाही.

दुसरी बॅटरी जोडली की चित्र पालटतं. वापरायला साडेआठ युनिट मिळतात. कॉन्सन्ट्रेटर आणि इन्व्हर्टरचे मिळून ५.६, इन्सुलिनच्या लहान फ्रिजचे सुमारे ०.४, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवलेल्या दोन सीपॅपचे, म्हणजे झोपेत श्वासनलिका उघडी ठेवायला दाबाने हवा देणाऱ्या यंत्रांचे, ०.६५, दिवे आणि फोनचे ०.३. एकूण सातच्या आसपास. दीड युनिट हाताशी उरतो, आणि तो लागतोच. एकाच बॅटरीचे पैसे असतील, तर दोन पॅनेल कमी घेऊन बॅटरी दोन घ्या असं सांगावंसं वाटतं, पण तसं करू नका. मशीन चोवीस तास चालवायचं, तर दिवसाची गरज साडेअकरा युनिटपर्यंत जाते आणि सहा पॅनेल चांगल्या उन्हात जेमतेम तेवढीच देतात. चार किलोवॅटचे पॅनेल आणि दोन बॅटऱ्या ही एका कॉन्सन्ट्रेटरची खरी किंमत आहे. दाट ढगांत उत्पादन पाव भागावर किंवा त्याहूनही खाली येतं, आणि वादळानंतर असे दिवस सलग येऊ शकतात. त्या दिवसांसाठी भरलेला सिलिंडर हवाच. १,५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने सुमारे बारा तास चालतो. अशा दिवशी बॅटरी ४० टक्क्यांवर आली की सिलिंडरवर जायचं, असा नियम आधीच ठरवून भिंतीवर लावा. वीज वाचवायला ऑक्सिजनचा प्रवाह मात्र कमी करू नका. घरगुती मशीनमध्ये त्याने वीज फारशी वाचत नाही आणि रुग्णाला धोका होतो. प्रवाह किती ठेवायचा, हे डॉक्टरच ठरवतील.

हा हिशेब एवढा ताणायचं कारण कॅरिबियन समुद्रातल्या प्युर्तो रिको बेटाने दाखवलं. २०१७च्या मारिया वादळानंतर तिथला अधिकृत मृतांचा आकडा बराच काळ ६४ होता. २०१८मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने सप्टेंबर ते फेब्रुवारीपर्यंतचा अंदाज २,९७५ दिला. पासष्टीवरच्या पुरुषांचा धोका त्या काळाच्या अखेरपर्यंत चढाच राहिला. आडहुंतास गावातल्या कासा पुएब्लो या संस्थेच्या छतावर १९९९पासून सौर वीज होती, आणि अंधाराच्या त्या काळात श्वसनाची यंत्रं चालवायला लोक तिथे येत होते.

आता बिघाडांकडे. ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेला, बॅटरी नसलेला सौर प्रकल्प ग्रिड गेली की बंद पडतो. लाइनमनच्या सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो. छत पॅनेलने भरलेलं आणि आत अंधार, असं यामुळेच होतं. म्हणून ‘ग्रिडशिवाय चालतो’ हे बिलावर लिहून घ्या. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे ग्रिडसारखी गुळगुळीत लहरीची वीज देणारा हवा. स्वस्त इन्व्हर्टरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या मॉडिफाइड साइन वेव्हवर कॉम्प्रेसर तापतो, गुणगुणतो आणि कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजत राहतो.

इन्व्हर्टर आणि बॅटरीमधली कम्युनिकेशन केबल हा या संचांचा सर्वाधिक दुर्लक्षित भाग. लिथियम आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज चार्जच्या मोठ्या टप्प्यात जवळपास सपाट असतो. केबल जोडलेली नसेल तर इन्व्हर्टर व्होल्टेजवरून अंदाज बांधतो, बराच वेळ पडद्यावर निम्मी बॅटरी दाखवतो आणि पहाटे एकदम बंद पडतो. केबल जोडा, इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा योग्य प्रोटोकॉल (दोघांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) निवडा आणि दोन्ही पडद्यांवरची टक्केवारी जुळते का ते बघा. दुसरी गोष्ट, ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही.

वैद्यकीय सॉकेटना स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि वेगळ्या रंगाची प्लेट द्या. दोन किलोवॅटची किटली दहा मिनिटं चालली, की कॉन्सन्ट्रेटरची जवळपास तासाभराची वीज गेली. त्याच वेळी कुणी विजेची शेगडी लावली, तर ओव्हरलोड होऊन सगळंच बसतं. फोन चार्जिंगचा बोर्ड दाराजवळ आणि रुग्णांची सोय आतल्या बाजूला ठेवली की गर्दीही वेगळी राहते.

सीपॅप या संचावर उत्तम चालतो. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद केली की खप निम्म्याहून कमी होतो, आणि कंपनीचा डीसी अडॅप्टर असेल तर इन्व्हर्टरचीही गरज उरत नाही. नेब्युलायझर दहा-पंधरा मिनिटांचाच असतो, त्याची काळजी नको.

इन्सुलिन न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं. लहान फ्रिजमध्ये ते बर्फाच्या कप्प्याला टेकलं की गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. म्हणून किमान-कमाल नोंदवणारा थर्मामीटर आत ठेवा. फ्रिज बंद पडला म्हणून इंजेक्शन मात्र थांबवू नका. १५ ते ३० अंशांत ते २८ दिवसांपर्यंत वापरता येतं.

हिमोडायलिसिससाठी, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्यासाठी, हा संच घेऊ नका. तिथे मशीनच्या विजेसोबत एका सत्राला शंभराहून अधिक लिटर शुद्ध केलेलं पाणी आणि ते शुद्ध करणारी यंत्रणा लागते. त्या रुग्णांना चालू केंद्रात हलवण्याची सोय आधीच ठरलेली हवी. पोटात द्रव सोडून हाताने करायच्या पेरिटोनियल डायलिसिसला मात्र उजेड, स्वच्छ जागा आणि कोरड्या उष्णतेने पिशवी कोमट करण्याची सोय पुरते.

बॅटरी आणि इन्व्हर्टर पुराच्या रेषेच्या वर, भिंतीवर बसवा. पाणी शिरलंच तर पॅनेलच्या तारांना हात लावू नका, दिवसा त्यांत वीज असतेच.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एक चाचणी करून घ्या: बॅटरी पूर्ण भरायची, मेन बंद करायचा, आपलाच कॉन्सन्ट्रेटर आणि फ्रिज जोडून संध्याकाळी सहाला सुरू करायचं आणि सकाळी आठला किती टक्के उरलं ते दोघांच्या सहीने बिलावर लिहायचं. वीस टक्क्यांहून कमी उरलं, तर आणखी एका बॅटरीचा भाव त्याच वेळी मागा.