ओव्ह्युलेशन स्ट्रिप : कामाची, पण अर्धंच सांगणारी

मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या चेतापेशी जीएनआरएच हे संप्रेरक सोडतात, त्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच हे बीज सुटायला लावणारं संप्रेरक सोडते. या एलएचची ऐन वेळची उसळी, म्हणजे अचानक वाढ, ओव्ह्युलेशन स्ट्रिप ही चाचणीची पट्टी लघवीत पकडते. उसळी सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत अंडाशयातून बीज बाहेर पडतं (हेच ओव्ह्युलेशन), म्हणजे पूर्वसूचना चांगली मिळते.

वापर सोपा, घोळ होतो तो वाचताना. टेस्ट रेघ कंट्रोल रेघेइतकी (पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघ) किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह. फिकट दुसरी रेघ म्हणजे निगेटिव्हच. (प्रेग्नन्सी टेस्टमध्ये फिकट रेघही पॉझिटिव्ह धरतात, ती सवय इथे नडते.) पट्टीवरच्या मॅक्स (कमाल मर्यादेच्या) खुणेच्या वर बुडवलं की निकाल बिघडतो, आणि वेळ उलटून गेल्यावर सुकलेली रेघ हमखास फसवते. २८ दिवसांच्या पाळीच्या चक्रात ११व्या दिवसापासून, शक्यतो दुपारी तपासावं. आधी दोन तास पाणी कमी प्यावं, नाहीतर लघवी पातळ होऊन उसळी निसटते. काहींची उसळी दिवसभरही टिकत नाही. तेव्हा दिवसातून दोनदा तपासलेलं बरं.

पीसीओएसमध्ये (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांच्या बिघाडात) एलएच मुळातच चढं असू शकतं, तिथे ही स्ट्रिप भरवशाची नाही. बीज सुटावं म्हणून देतात त्या एचसीजी संप्रेरकाच्या इंजेक्शननंतरही खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. आणि बीज खरंच सुटलं का, हे ती सांगतच नाही; त्यासाठी उसळीनंतर आठवड्याभराने रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं संप्रेरक) तपासावं लागतं.