अधिवेशन, महोत्सव की निवासी उपक्रम? तरुण रंगकर्मींनी अर्ज कुठे करावा

नाटकात काम करणाऱ्या विशी-तिशीतल्या मंडळींसमोर आंतरराष्ट्रीय संधींची यादी आली की सगळंच सारखं चकचकीत दिसतं: जागतिक अधिवेशन, महोत्सव, परिसंवाद, कार्यशाळा, रेसिडेन्सी. खिशातले पैसे आणि कामातून निघणारी सवड बघता यातलं एखादंच जमतं, म्हणून निवडावं लागतं. निवडताना बहुतेक जण संस्थेचं नाव बघतात. मी म्हणेन, आधी एक रोकडा प्रश्न विचारा: तिथे असताना मी दिवसभर करणार काय? बघणार, बोलणार, दाखवणार, शिकणार की लिहीत बसणार? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की अर्धी यादी आपोआप गळते.

अधिवेशनाला दोन दारं असतात

बालप्रेक्षक आणि तरुण प्रेक्षकांसाठी नाटक करणाऱ्यांची जागतिक संघटना म्हणजे असिटेज. ती १९६५ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिचं जागतिक अधिवेशन साधारण दर तीन वर्षांनी भरतं; २०२४ साली ते हवानात झालं. मधल्या वर्षांत कलात्मक मेळावे होतात. शुल्क भरून नुसतं प्रतिनिधी म्हणून गेलात तर दिवसाला दोन-तीन प्रयोग, काही चर्चासत्रं आणि खूपशी व्हिजिटिंग कार्डं एवढं पदरात पडतं. सगळे एकमेकांना आधीपासून ओळखत असतात. नवखा माणूस कॉफीचा कप धरून भिंतीशी उभा राहतो.

याच संघटनेचा ‘नेक्स्ट जनरेशन’ हा उपक्रम मात्र वेगळा आहे. त्यात वेगवेगळ्या देशांतून निवडलेल्या नव्या कलावंतांचा छोटा गट एकत्र प्रयोग बघतो आणि त्यांवर बोलतो. तीच मंडळी रोज भेटत असल्यामुळे ओळख नावापुरती राहत नाही. अधिवेशन तेच, शहर तेच, पण मिळकत कितीतरी जास्त. मोठ्या अधिवेशनाला बिनओळखीचा प्रतिनिधी म्हणून जाणं हा मला या यादीतला सगळ्यात तोट्याचा सौदा वाटतो, आणि त्याच्याच आतल्या तरुणांच्या गटातून जाणं हा सगळ्यात फायद्याचा.

अभ्यासकांच्या बाबतीतही हेच. नाट्यसंशोधनाची आंतरराष्ट्रीय महासंस्था, म्हणजे आयएफटीआर, १९५७ पासून आहे आणि तिची परिषद दरवर्षी होते. तिथे नवसंशोधकांसाठी वेगळं व्यासपीठ असतं. शिवाय विषयवार कार्यगट असतात. अशा गटांत निबंध आधीच सगळ्यांना पाठवून प्रत्यक्ष भेटीत त्यावर चर्चा करण्याची पद्धत रुळलेली आहे. वीस मिनिटांत घाईघाईने निबंध वाचून टाळ्या घेण्यापेक्षा आपलं लिखाण आधी वाचून आलेले दहा जण समोर असणं केव्हाही बरं. पीएचडी करत असाल तर कार्यगटातच अर्ज करा. नट किंवा दिग्दर्शक असाल तर तिकडे फिरकू नका, कंटाळून जाल.

समीक्षा लिहिणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगली सोय नाट्यसमीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली आहे. १९५६ साली स्थापन झालेली ही संघटना १८ ते ३५ वयाच्या समीक्षकांसाठी एखाद्या महोत्सवाला जोडून परिसंवाद घेते. रात्री नाटक बघायचं, त्यावर लिहायचं, आणि ज्येष्ठ समीक्षकासमोर आपलं मत टिकतं का ते तपासायचं. साधारणपणे राहण्याची सोय आणि नाटकांची तिकिटं यजमान महोत्सव देतो, प्रवासखर्च आपला. समीक्षकांना एरवी कोणी काही देत नाही, त्यामुळे हे निमंत्रण आलं तर दुसऱ्या कशाशी तुलना करत बसू नये.

आयईटीएम हे १९८१ पासून चालत आलेलं प्रयोगक्षम कलांचं जाळं आणखी निराळं. त्याच्या बैठकांना निर्माते, महोत्सवांचे संयोजक, थिएटर चालवणारे येतात. हातात तयार नाटक असेल आणि त्याला फिरवणारा सहनिर्माता हवा असेल, तरच उपयोग.

प्रयोग न्यायचा असेल तर: एडिनबरा आणि आविन्यों

१९४७ साली एडिनबरामध्ये आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा निमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या स्वतःहून येऊन थडकल्या आणि कडेकडेने प्रयोग करू लागल्या. त्यातून फ्रिंज, म्हणजे मुख्य महोत्सवाच्या कडेचा खुला महोत्सव, जन्माला आला. फ्रान्समधल्या आविन्योंचा महोत्सव दिग्दर्शक ज्यां विलार यांनी त्याच वर्षी सुरू केला, पण तिथला ‘ऑफ’, म्हणजे फ्रिंजसारखाच मुख्य महोत्सवाबाहेरचा भाग, मात्र १९६६ साली, आंद्रे बेनेदेत्तो यांच्या प्रयोगापासून. दोन्हींचं तत्त्व एकच: निवड समिती नाही. जागा मिळवा, नोंदणी करा, प्रयोग करा.

निवड नसणं हेच त्यांचं आकर्षण, आणि खड्डाही तोच. अलीकडच्या वर्षांत एडिनबरा फ्रिंजमध्ये तीन हजारांहून जास्त, तर आविन्यों ऑफमध्ये दीड हजारांहून जास्त कार्यक्रम होतात. तुमचा प्रयोग त्यातला एक. जागेचं भाडं किंवा तिकीटविक्रीतला वाटा, नोंदणी, छपाई, आणि ऐन हंगामात भडकलेली घरभाडी हा सगळा भार मंडळीवर पडतो. पत्रकं वाटायला नटांनाच रस्त्यावर उतरावं लागतं. एकाच जागेत दिवसभर एकामागून एक प्रयोग असतात, म्हणून नेपथ्य काही मिनिटांत लावून काही मिनिटांत उचलता आलं पाहिजे. दोन अंकी, भरगच्च मांडणीचं नाटक घेऊन तिकडे जाणं म्हणजे हट्ट. तासाभराचं, दोन बॅगांत मावणारं नाटक हवं.

दोन्हींत निवड करायची तर भाषेवर करा. एडिनबरामध्ये इंग्रजी चालते, आविन्यों ऑफ मुख्यतः फ्रेंच प्रेक्षकांचं आहे. मूकनाट्य, देहबोलीवरचं किंवा बाहुल्यांचं काम दोन्हीकडे खपतं. तारखा मात्र एकमेकींना फारशा आडव्या येत नाहीत: आविन्यों जुलैत, एडिनबरा ऑगस्टमध्ये. एकाच दौऱ्यात दोन्ही उरकायचा मोह अनेकांना होतो. पहिल्याच खेपेला तो आवरावा.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या नाटकाचे आपल्या गावी निदान वीस-पंचवीस प्रयोग झालेले नाहीत, ते या गर्दीत नेऊ नये. रोजच्या प्रयोगांचा रगाडा नाटकाला घडवतो, हे खरं. पण कर्ज काढून घडवण्यात शहाणपण नाही. त्याऐवजी पहिल्या वर्षी नुसतं प्रेक्षक म्हणून जा, रोज चार-पाच प्रयोग बघा, कोणत्या जागेत कोणत्या जातीचं काम चालतं ते वहीत टिपा. एवढी एक वही पुढच्या वेळी बरेच पैसे वाचवेल.

नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा करणाऱ्यांचा हिशोब वेगळा

पडद्यामागच्या लोकांसाठी सगळ्यात मोठी जागा म्हणजे प्राग क्वाड्रेनियल. १९६७ पासून दर चार वर्षांनी प्रागमध्ये नेपथ्यकला आणि रंगावकाश यांचं हे प्रदर्शन भरतं. गेल्या खेपेला ते २०२३ साली झालं. देशोदेशीच्या दालनांबरोबर विद्यार्थ्यांचं स्वतंत्र प्रदर्शन असतं, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच असते, कारण विद्यार्थी नियम मोडायला घाबरत नाहीत. पण चार वर्षांतून एकदा म्हणजे शिक्षणाच्या काळात जेमतेम एकच संधी. शिवाय दालन देशामार्फत ठरतं, त्यामुळे आपल्या देशाचा क्युरेटर कोण, हे वर्ष-दोन वर्षं आधी शोधून त्याच्याकडे किंवा नाट्यशाळेकडे जावं लागतं. प्रदर्शन तोंडावर आल्यावर विचारणाऱ्याला प्रेक्षकाचा पासच मिळतो.

वर्ल्ड स्टेज डिझाइन हे प्रदर्शन २००५ साली टोरोंटोत सुरू झालं. तिथे डिझायनर देशाच्या आडून येत नाही, स्वतःच्या नावावर काम पाठवतो. ज्याच्या देशात दालन ठरवणारी यंत्रणाच नाही, किंवा असूनही तिच्याशी जमत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग सरळ आहे. फक्त काम नीट टिपलेलं हवं. रेखाटनं, प्रतिकृतीची छायाचित्रं आणि प्रत्यक्ष प्रयोगातलं दृश्य एकाशेजारी एक ठेवता आलं नाही, तर चांगलं कामही मागे पडतं. नेपथ्यकारांनी शेवटच्या प्रयोगानंतर सेट मोडण्याआधी तासभर छायाचित्रकाराला द्यावा, ही माझी जुनी विनवणी.

शिकायचं की एकटं बसायचं

निवासी उपक्रम या एका नावाखाली दोन अगदी उलट गोष्टी विकल्या जातात. न्यूयॉर्कच्या ला मामा थिएटरच्या संस्थापक एलन स्ट्युअर्ट यांनी इटलीत स्पोलेतोजवळ उभ्या केलेल्या केंद्रात उन्हाळ्यात दिग्दर्शकांचा परिसंवाद होतो. वेगवेगळ्या देशांतले मातब्बर रंगकर्मी शिकवतात, दिवस कार्यशाळांनी भरलेला असतो, आणि शुल्क द्यावं लागतं. अमेरिकेतलं मॅकडॉवेल हे १९०७ पासूनचं कलावंतांचं निवासी केंद्र याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे कोणी शिकवत नाही. स्वतंत्र स्टुडिओ मिळतो, दुपारचं जेवण टोपलीतून दाराशी येतं, राहण्या-खाण्याचे पैसे घेतले जात नाहीत.

नाटककाराला दुसरं हवं, दिग्दर्शकाला पहिलं. नटाला जंगलातल्या स्टुडिओत एकटं ठेवून काय साधणार? संहिता अर्ध्यावर अडकली असेल तर कार्यशाळेला जाऊ नका. चार गुरूंचे पाच सल्ले ऐकून ती कायमची अडकेल. आणि डोक्यात अजून नाटकच नसेल तर एकांताचा अर्ज करू नका, भिंतीकडे बघत बसावं लागेल.

रोलेक्स या घड्याळ कंपनीची २००२ पासूनची गुरू-शिष्य योजनाही अनेकांच्या यादीत असते. तिला अर्जच करता येत नाही, नावं आतून सुचवली जातात. यादीतून काढून टाका आणि तो वेळ दुसरीकडे लावा.

पैशाचं आणि कागदांचं

‘पूर्ण शिष्यवृत्ती’ हे शब्द वाचले की लगेच खाली वाचा. बहुतेकदा शुल्क आणि निवास त्यात असतो. विमानभाडं, व्हिसा आणि विमा नसतो. प्रवासासाठी वेगळा निधी शोधावा लागतो, आणि त्याची शेवटची तारीख कार्यक्रमाच्या निवडीआधीच उलटून गेलेली असते, हा नेहमीचा घोळ. कलावंतांच्या प्रवासनिधीची माहिती एकत्र करणारं ऑन द मूव्ह हे जाळं आधी चाळा, मग कार्यक्रम निवडा. क्रम उलटा केलात तर निवड होऊनही घरीच राहाल. निवड कळताच निमंत्रणपत्र मागवा आणि राहण्याचा खर्च कोण करणार हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. व्हिसाच्या खिडकीवर त्याची विचारणा होते.

‘जागतिक युवा कला शिखर परिषद’ छापाची पत्रंही येतात. अर्ज न करताच निवड झालेली असते, बोलायला बोलावतात आणि बोलण्याचेच पैसे मागतात. मागच्या वर्षी कोण कोण आलं होतं, याची यादी मागा. यादी मिळाली तर त्यातल्या दोघांना लिहून विचारा: काय बघितलं, कुणाबरोबर काम केलं, नंतर कुणाचं पत्र आलं? यादी मिळाली नाही तर पैसे भरू नका.