सरप्लसचा बेंच पॉवर सप्लाय, आठ महिन्यांनी: दहा फेऱ्यांचा नॉब आणि 5 व्होल्टची ती जागा

सरप्लसमधून, म्हणजे कुणीतरी वापरून काढून टाकलेल्या सामानातून, घेतलेल्या या बेंच पॉवर सप्लायचा (हवे तेवढे व्होल्ट लावून घेता येणारा टेबलावरचा खोका) अनुभव मी दुसऱ्या महिन्यातच लिहून ठेवला होता आणि त्यात 'डोळे मिटून घ्या' असं म्हटलं होतं. तो तेव्हा पोस्ट केला नाही हे बरं झालं. चौथ्या महिन्यात याच सप्लायने माझा एक धडधाकट मायक्रोकंट्रोलर बोर्ड जाळला, तोही साध्या 5 व्होल्टवर.

30 व्होल्ट, 3 अँपियर, लिनियर, कुठल्या तरी टेस्ट बेंचवरून निघालेला. आत मोठा ट्रान्सफॉर्मर, मागे हीटसिंक, पुढे दोन काट्यांचे मीटर. घेतला तो स्वस्त होता म्हणून, पण जीव जडला तो त्याच्या व्होल्टेजच्या नॉबवर. साध्या सप्लायचा नॉब जेमतेम 300 अंश फिरतो. म्हणजे एका अंशाला 0.1 व्होल्ट, बोट थरथरलं तरी आकडा पळतो. इथे नॉबमागे दहा फेऱ्यांचा वायरवाउंड पॉट (पोटेंशिओमीटर, तारेच्या वेढ्यांवरून फिरवून रोध बदलायचा भाग) आहे, एका पूर्ण फेरीला 3 व्होल्ट. लिथियम सेलला 4.20 लावायचे असतील तर 4.20 वरच थांबता येतं. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्नोल्ड बेकमन यांच्या पीएच मीटरमधून (आम्लता मोजणारं यंत्र) पुढे आलेला हा पॉटचा प्रकार, हेलिपॉट, दुसऱ्या महायुद्धात रडारमध्येही गेला. तो हातात घेऊन फिरवला की त्याचं मोल कळतं: कुठे ढिला नाही, कुठे अडत नाही, लोण्यातून सुरी फिरावी तसा. पहिले तीन महिने मी गरज नसतानाही तो फिरवत बसायचे.

बाकीचं थोडक्यात. मागचा 115/230 चा सिलेक्टर आपल्या लाइनशी जुळतो का, हे प्लग लावायच्या आधी बघा. चुकून 115 वर ठेवून 230 दिले तर ट्रान्सफॉर्मर गेलाच. कपॅसिटर फुगलेले नव्हते, रिपल (आउटपुटमधली उरलेली लहर) नगण्य. पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही.

आता बिघाड. बोर्ड नीट चालू होता. मी 4.9 वरून 5.0 करायला नॉब केसभर हलवला आणि बोर्डवरच्या रेग्युलेटरजवळून (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) धूर आला. पाहिलं तेव्हा सप्लायच्या मीटरचा काटा जागेवरच होता. भार काढून मल्टिमीटर मॅक्स होल्डवर (सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणारी सोय) लावला, पुन्हा तेवढाच नॉब हलवला, तर 11.4 व्होल्ट नोंदले गेले. 3 वर नाही, 9 वर नाही, 12 वरही नाही. फक्त 5 च्या आसपास.

विकणाऱ्याला फोन केला. त्याचं म्हणणं, टेस्टिंग वॉरंटी सात दिवसांची होती, ती संपली. मला पैसे नको होते. त्याच लॉटमधल्या एखाद्या मोडक्या युनिटमधला पॉट काढून पाठवा, एवढंच मागितलं. 'सुटे भाग देत नाही, अख्खं युनिट तुमच्या खर्चाने पाठवा' असं उत्तर आलं. नऊ किलोच्या लोखंडाच्या वाहतुकीत दुसरा सप्लाय आला असता. तीन वेळा बोलणं झालं, तिन्ही वेळा तेच. मोडक्या युनिटमधला दोन स्क्रूंचा भाग काढून द्यायलाही जो तयार नाही, त्याच्याकडून मी पुन्हा काही घेणार नाही.

मग पॉट काढला आणि भिंगाखाली उघडला. 5 व्होल्ट म्हणजे शून्यापासून साधारण एक आणि दोन तृतीयांश फेरी. नेमक्या त्याच जागी तारेचे चार-पाच वेढे घासून चपटे झाले होते, आजूबाजूला काळी भुकटी. बाकी सगळी तार नव्यासारखी. हा सप्लाय वर्षानुवर्षं 5 व्होल्टवरच लावून ठेवलेला असणार, आणि कोणीतरी रोज त्याच जागी नॉब पुढे-मागे करत असणार. वायपर (तारेवरून सरकणारा संपर्क) तिथे क्षणभर तार सोडतो, सर्किटला कळेनासं होतं किती व्होल्ट द्यायचे, आणि आउटपुट वर उसळतं. सावकाश माप घेणाऱ्या डिजिटल मीटरला ही उसळी बहुतेक वेळा दिसतच नाही.

इथे माझं मत पुन्हा बदललं. दोष सप्लायचा नाही, एका झिजलेल्या भागाचा आहे, आणि तो भाग आजही नवा मिळतो. 10 किलोओहमचा दहा फेऱ्यांचा पॉट आणला. घाईत 6 मिलिमीटर दांड्याचा आणला, आणि जुना नॉब पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा. पितळी पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवला, पण नॉब किंचित हेलकावे खातो आणि ते रोज डोळ्यांत खुपतं. पाव इंची दांड्याचा पॉटही मिळतो, तोच मागवा.

एक काम मात्र त्याच दिवशी केलं. माझ्या सप्लायमध्ये पॉट व्होल्टेज डिव्हायडर म्हणून (टोकांमधल्या व्होल्टेजचा हवा तेवढा भाग वायपरवर घेणारा) जोडलेला आहे, म्हणून वायपर आणि खालच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या टोकामध्ये 1 मेगओहमचा रेझिस्टर सोल्डर केला. आता वायपर सुटला तर व्होल्टेज वर न जाता शून्याकडे पडतं. 10 किलोओहमच्या पॉटवर त्याने पडणारा फरक पाव टक्क्याच्या आतला. तुमचं सर्किट आधी तपासा, कारण पॉट फीडबॅकमध्ये (आउटपुट मोजून दुरुस्त करणाऱ्या वाटेत) रिओस्टॅटसारखा, म्हणजे नुसता बदलता रोध म्हणून, जोडलेला असेल तर हा उपाय चालणार नाही.

गेले चार महिने सप्लाय रोज आठ-दहा तास चालतो आहे, पुन्हा उसळी नाही. तसलाच आणखी एक घेते आहे, दुसऱ्या विक्रेत्याकडून. या वेळी पैसे देण्याआधी काट्याचा मीटर लावून नॉब शून्यापासून 30 पर्यंत स्वतः फिरवणार आहे, आणि 3.3, 5, 12 च्या आसपास अगदी मुंगीच्या पावलांनी. काटा एकदा जरी दचकला तरी नव्या पॉटची किंमत वजा करून मागणार. त्या पॉटचा दांडा किती मिलिमीटरचा हे मोजायला व्हर्नियर पिशवीत टाकून ठेवला आहे.