मातीच्या तीन मजली खतपात्राचा चौदा महिन्यांचा अनुभव: आधी पातेरा, मग खत

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही भाजक्या मातीचे तीन मजली खतपात्र विकत घेतले. पुण्यात आमची सदनिका तिसऱ्या मजल्यावर असून पूर्वेला एक मध्यम आकाराची गॅलरी आहे. घरात आम्ही दोघे, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई अशी पाच माणसे आहोत. सासूबाई संगमेश्वर तालुक्यातील गाव सोडून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा भाजीची देठे आणि देवाची फुले एकाच बादलीत टाकून रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीत जातात हे त्यांना पाहवेना. गावी गोठ्यामागे गायरी म्हणजे शेणाचा व कचऱ्याचा खड्डा होता, घरातले सगळे उष्टे-खरकटे तिथे जात असे आणि भातलावणीच्या आधी तेच शेतात परत येत असे. त्यांच्या या अस्वस्थतेतून आम्ही हे पात्र घेतले. आज चौदा महिन्यांनंतर त्याविषयी खात्रीने सांगण्यासारखे काही आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पात्राची रचना साधी आहे. एकावर एक ठेवायची तीन मोठी मडकी, त्यांपैकी वरच्या दोन मडक्यांना तळाशी मातीऐवजी सुतळीची जाळी, सर्वांत खालचे मडके बंद तळाचे, आणि वर झाकण. रोजचा ओला कचरा वरच्या मडक्यात टाकायचा आणि ते भरले की मधल्या मडक्याशी त्याची अदलाबदल करायची. दोन्ही भरली की मधल्यातील अर्धवट कुजलेला माल खालच्या मडक्यात ओतायचा. आमच्याकडे दिवसाला सरासरी एक किलो ओला कचरा निघतो. मटारच्या दिवसांत आणि आमरसाच्या दिवसांत तो दुपटीच्या घरात जातो. या हिशेबाने वरचे मडके साधारण तीन आठवड्यांत भरते आणि चाळण्याजोगे खत हाती येण्यास अडीच ते तीन महिने लागतात.

पहिले दोन महिने वाईट गेले, हे प्रथमच सांगितले पाहिजे. खतपात्राबरोबर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा आणि जिवाणूंची एक भुकटी मिळाली होती. रोज कचऱ्यावर मूठभर कोकोपीट आणि चमचाभर भुकटी टाकावी, असे सूचनापत्रकात होते आणि आम्ही ते तंतोतंत पाळले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाकण उघडले की आंबूस, कुबट वास येऊ लागला, चिलटांचा थवा उठू लागला आणि शेजारच्या कुटुंबाने, अगदी सौजन्याने का होईना, तक्रार केली. विक्रेत्याकडे विचारणा केली असता भुकटीचे प्रमाण वाढवण्याचा सल्ला मिळाला. तो निरुपयोगी ठरला. मूठभर कोकोपीट आमच्या घरच्या कचऱ्यातील पाणी शोषायला पुरत नव्हते, आणि पुरेल इतके घ्यायचे तर दरमहा होणारा खर्च आणि दूरवरून प्लॅस्टिकच्या वेष्टनात येणारा माल पाहता आमचा मूळ हेतूच बाजूला पडत होता.

उत्तर सासूबाईंकडे होते. झाकण उघडून त्यांनी आत हात घातला आणि म्हणाल्या, "अगो, यात पातेरा कुठे आहे?" कोकणात झाडाखाली पडलेल्या सुक्या पानांना पातेरा म्हणतात. तो गोळा करून गोठ्यात अंथरणे, गायरीत घालणे आणि भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतात जाळून जमीन भाजण्यासाठी, वापरणे ही त्यांच्या लहानपणी घरातील मुलांची आणि बायकांची नेहमीची कामे होती. त्या संध्याकाळी मुलांनी इमारतीच्या आवारातून पिशवीभर पाने आणली. पावसामुळे ती ओली होती, म्हणून पंख्याखाली वाळवावी लागली. मडक्यातील सगळा माल बाहेर काढून आम्ही पानांत कालवला आणि पुन्हा भरला. चौथ्या दिवशी वास गेला.

यामागचे कारण नंतर वाचून समजले. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) तुलनेत पंचवीस ते तीसपट कर्ब (कार्बन) लागतो. भाजीपाला, फळांच्या साली आणि चहाचा चोथा यांत नत्र व पाणी भरपूर, तर सुक्या पानांत कर्ब अधिक असतो. कर्ब कमी पडला की जादा नत्र अमोनियाच्या उग्र वासाने बाहेर पडते, आणि पाण्यामुळे हवेच्या पोकळ्या बुजल्या की हवेविना जगणारे जिवाणू वाढून सडका वास येतो. म्हणून आता आमचा नियम ठरला आहे: एक वाटी ओला कचरा असेल तर दोन वाट्या चुरगळलेली सुकी पाने, आणि चार दिवसांतून एकदा लाकडी दांड्याने खालीवर करणे. ओलावा तपासण्याची रीतही सासूबाईंचीच आहे. मूठभर माल दाबला असता मुटका वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. शेतकरी जमिनीच्या ज्या स्थितीला वाफसा म्हणतो, तीच स्थिती येथेही हवी. भुकटी आम्ही त्यानंतर घेतलीच नाही. जुन्या खताचा एक ओंजळभर भाग नव्या मडक्यात विरजणासारखा घातला की पुरते.

पहिल्या पावसाळ्यात आणखी एका गोष्टीने घर हादरले, ती म्हणजे अळ्या. बोटाच्या पेरापेक्षा जरा लहान, चपट्या, करड्या रंगाच्या शेकडो अळ्या एका सकाळी मडक्यात वळवळताना दिसल्या, आणि त्यांतील काही तर गॅलरीभर पसरल्या होत्या. पात्र परत करावे इथपर्यंत माझा विचार गेला होता. मुलीने चिकाटीने शोध घेतला आणि त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असल्याचे सांगितले. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही, चावत नाही आणि प्रौढपणी जेमतेम आठवडाभर जगते. तिच्या अळ्या मात्र ओला कचरा झपाट्याने फस्त करतात आणि त्या असल्या की घरमाश्यांना तिथे थारा मिळत नाही. पूर्ण वाढ झाली की कोषात जाण्यासाठी कोरडी, अंधारी जागा शोधत त्या मडक्याबाहेर पडतात. गॅलरीतील गर्दीचा उलगडा तेव्हा झाला. आम्ही मडक्याभोवती सुक्या पानांनी भरलेले एक पसरट तबक ठेवले आणि त्यांची वाट तिकडे वळवली. दोन दिवसांत एक दयाळ पक्षी त्या तबकावर येऊ लागला. तो रोज सकाळी सहाच्या सुमारास येई, दोन-तीन अळ्या उचलून समोरच्या कडुनिंबावर जाई आणि पुन्हा येई. मुलगा त्याच्यासाठी गजराविना उठू लागला. किळस कधी गेली हे आम्हा कोणालाच सांगता येणार नाही, पण या वर्षी अळ्या जूनमध्ये दिसल्या तेव्हा घरात आनंद झाला, हे खरे आहे.

सुक्या पानांचा साठा कसा करावा, यावर या पात्राचे सारे यश अवलंबून आहे आणि विकत घेताना हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात गरज सर्वाधिक असते आणि पाने मात्र फेब्रुवारी ते एप्रिल या काळात झडतात. आमच्या आवारातील सफाई कामगार ती पाने झाडून एका कोपऱ्यात पेटवून देत असत. आम्ही त्यांना विनंती केली, पोती आणून दिली, आणि रविवारी सकाळी चौघे मिळून भरण्याचे काम केले. फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये अकरा पोती भरली. या कामात झाडांची ओळख झाली, ती अन्य कोणत्याही प्रकारे झाली नसती. विलायती शिरीषाची पर्णिका नखाएवढी असते, तिला चुरण्याची गरज नाही आणि ती सर्वांत आधी मातीत मिळते. पिंपळाचे पान सुकल्यावर हाताने सहज चुरते. बदामाचे पान मोठे, जाड व चिवट असल्यामुळे पोत्यात घालून पायाने तुडवावे लागते, आणि आंब्याचे पान महिनोन्‌महिने तसेच राहते. रसवंतीवरील उसाचे चिपाड एकदा आणून पाहिले. ते ओलावा उत्तम शोषते, मात्र नीट वाळवले नाही तर गोडव्यामुळे मुंग्या लागतात. सुताराकडील भुसा घ्यायचा असल्यास तो अस्सल लाकडाचाच असावा, कारण प्लायवुडच्या भुशात डिंक व रसायने असतात. मुलगा आता रस्त्याने जाताना वर पाहण्याआधी खाली पाहतो आणि पानावरून झाड सांगतो. पिंपळाची जुनी पाने गळून तांबूस पालवी फुटण्यात किती थोडे दिवस जातात, हे मीसुद्धा चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच लक्ष देऊन पाहिले.

शहरात कमी जागेत असे करता येते हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवार या स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्यांच्या चळवळीद्वारे पालापाचोळा, स्वयंपाकघरातील अवशेष आणि सूर्यप्रकाश यांच्या बळावर गच्चीवर अन्न पिकवता येते हे कित्येक कुटुंबांना करून पाहायला लावले होते. आमच्या घरात हे ज्ञान एका पिढीपुरते तुटले होते आणि सासूबाईंमुळे जोडले गेले. त्या गावाकडून आल्यानंतरचे पहिले वर्ष फार गप्प असत. आता गॅलरीचा कारभार त्यांच्याकडे आहे, आणि कोणता माल पक्व झाला याचा अंतिम निर्णयही त्यांचाच असतो.

पक्वता ओळखण्याची पद्धत सांगतो ती त्यांचीच: खत चाळून एका कुंडीत घ्यावे आणि मेथीचे दाणे पेरावेत. चार-पाच दिवसांत एकसारखे उगवले तर खत तयार, पिवळे पडले किंवा कुजले तर आणखी महिनाभर थांबावे. चौदा महिन्यांत आम्हाला सुमारे ९० किलो चाळलेले खत मिळाले. एक भाग खत आणि तीन भाग माती या प्रमाणात कुंड्या भरून मेथी, पुदिना, अंबाडी आणि आळू लावले. आळूला धुण्याचे पाणी देतो. कढीलिंबाच्या कुंडीवर फुलपाखराच्या अळ्या येतात. त्या आरंभी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि पुढे हिरव्यागार होतात. त्यांच्यासाठी एक फांदी राखून ठेवायची, असा मुलीने नियम केला आहे. वर्षाची भाजी पिकते असा दावा मी करणार नाही. आठवड्यातून एकदा घरची पालेभाजी होते, आणि उरलेले खत आवारातील झाडांना जाते.

आता पात्रातील दोष. आमच्याकडे आलेल्या मडक्यांपैकी एकाची कड चिरलेली होती आणि ते बदलून मिळण्यास सहा आठवडे लागले. सुतळीची जाळी आठव्या महिन्यात कुजून तुटली व अर्धे मडके खाली कोसळले. आम्ही काथ्याची दोरी दुहेरी बांधली, ती आजपर्यंत टिकली आहे. भरलेले मडके फार जड होते, त्यामुळे अदलाबदलीसाठी दोन धडधाकट माणसे लागतात. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील तर त्यांनी हा प्रकार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात बाहेरच्या बाजूस लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, धरतो, तो केवळ दिसायला वाईट असतो. एप्रिल-मेमध्ये मात्र मातीच्या छिद्रांतून पाणी इतके उडून जाते की कुजण्याची क्रिया थांबते, तेव्हा दर दोन दिवसांनी तांदूळ धुतलेले पाणी शिंपडावे लागते. नारळाची करवंटी, आंब्याची कोय, हाडे आणि तेलकट रस्सा पात्रात घालू नये. लिंबाच्या व संत्र्याच्या साली थोड्याच घालाव्यात. कलिंगडाच्या साली बारीक चिरून जास्त पानांसह घालाव्यात.

ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातले, तरी वेगळा केलेला ओला कचरा गावाबाहेरच जात होता. पुण्याचा कचरा जेथे टाकला जात असे, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी शहराच्या या कचऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत. आमचा वाटा लहान आहे, पण तो आता तिकडे जात नाही. आमच्या दारी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी हा बदल आमच्याआधी ओळखला. पूर्वी रोज भरलेली बादली असे, आता आठवड्यातून दोनदा कोरडा कागद आणि प्लॅस्टिक असते, आणि त्यांचा हात खरकट्यात जात नाही. त्यांनी खत मागितले, तेव्हा त्यांच्या दारातील तुळशीसाठी एक पिशवी भरून दिली.

ऑगस्टमधील एका रविवारी आम्ही वेताळ टेकडीवर गेलो होतो. वाटेपासून जरा बाजूला गिरिपुष्पाच्या झाडांखाली मुलाने काडीने पाने उकरली. वर कोरडी पाने, त्याखाली ओलसर व पांढरी बुरशी धरलेली, आणि सर्वांत खाली काळा, मऊ थर होता. त्याने ओंजळीत तो काळा थर घेऊन आजीला वास घ्यायला लावला. सासूबाईंनी वास घेतला आणि ओंजळ पुन्हा झाडाच्या बुंध्याशी जपून ठेवायला सांगितली.

ज्यांच्या घराजवळ एक तरी मोठे पानझडी झाड आहे, आणि ज्यांच्याकडे दोन पोती ठेवण्याइतकी कोरडी जागा व रोज दहा मिनिटे आहेत, त्यांनी हे पात्र अवश्य घ्यावे. खरेदी शक्य तर मार्चमध्ये करावी, म्हणजे पहिल्या पावसाआधी पाने जमवता येतात. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला, तरी आमची पोती आधीच भरलेली असल्यामुळे या वर्षी एकही तक्रार आली नाही. सध्या चार पोती शिल्लक आहेत. गणपतीच्या दहा दिवसांत दूर्वा, फुले आणि पत्री मिळून एक पोते संपेल, आणि उरलेली तीन फेब्रुवारीपर्यंत पुरवायची आहेत.