11 महिने वापरलेला फिटनेस बँड आणि खाड्यांचा हिशेब

मागच्या दिवाळीत पाडव्याला 2,299 रुपयांना घेतलेला बँड. मधले दुरुस्तीचे 38 दिवस सोडले तर रोज हातात आहे. स्क्रीन, सेन्सर, ब्लूटूथ यांवर सगळ्यांनी लिहून झालंय, ते पुन्हा लिहीत नाही. बॅटरी नऊ-दहा दिवस जाते. पट्टा सातव्या महिन्यात तुटला. तो वॉरंटीत बसत नाही, नवा 250 रुपयांना पडला. मनगटावर थरथरणारा गजर मात्र फार आवडला. पहाटे 5.10 ला मला जाग येते आणि घरात दुसऱ्या कुणाची झोप मोडत नाही. मोबाइलच्या गजरावरून आमच्याकडे दोन वर्षं कुरबूर चालली होती, ती पहिल्याच दिवशी थांबली.

मला लिहायचंय ते 'सलग दिवस' या आकड्याबद्दल.

बँड घेण्याचं कारण साखर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी 6.3 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालायला सांगितलं: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. त्याच दमात आणखी एक वाक्य म्हणाले होते, ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही. त्याच्याकडे नंतर येते.

आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे चालायला जागा शोधावी लागत नाही. कधी चार भिंती हे स्मारक, वेळ असेल तर अजिंक्यतारा किल्ल्याचा दरवाजा. बँडला चढ आणि सपाटी यांतला फरक कळत नाही, पावलं तो फक्त मनगटाच्या हालचालीवरून मोजतो. कणीक मळताना पावलं वाढतात, आणि भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन घरी आलं की कमी भरतात. याची सवय होते. आठ हजारांचं लक्ष्य गाठलं की स्क्रीनवर फटाके उडतात आणि खाली आकडा येतो: सलग 12 दिवस, सलग 40 दिवस. पहिले तीन महिने मी त्या आकड्यासाठी चालले हे खरं आहे, आणि थंडीत अंथरुणातून त्यानेच मला बाहेर काढलं. जानेवारीत कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणाले असते.

फेब्रुवारीत सासूबाईंचं ऑपरेशन झालं. रात्री 11.40 ला मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. 900 पावलं कमी होती. नणंद म्हणाली, "वहिनी, बसा की आता. डॉक्टर म्हणाले ना, सगळं ठीक आहे." तिला वाटलं, मी काळजीने फिरतेय. मला तिला खरं सांगता आलं नाही. त्या रात्री सलग 97 झाले. दुसऱ्या दिवशी खुर्चीतच डोळा लागला, 12 वाजून गेले, आणि सकाळी बँडने दाखवलं: 0.

त्यानंतर 19 दिवस मी चालले नाही. सासूबाई पाचव्या दिवशी घरी आल्या होत्या, पहाटे वेळ होता, गजरही रोज होत होता. पण 97 चे 0 झालेले पाहिल्यावर पुन्हा 1 पासून सुरू करायला मन उठेना. ॲपमध्ये 'आजारपण' किंवा 'सुट्टी' असा पर्याय मी तासभर शोधला. नाही. तुम्ही 97 दिवस किल्ला चढलात काय आणि आयुष्यात कधी चालला नाहीत काय, त्या पडद्यावर दोघांचाही आकडा सारखाच. मला ही या बँडमधली सर्वात मोठी चूक वाटते. बॅटरी, पट्टा, कणीक सगळं माफ, हे नाही.

मार्चमध्ये कशीबशी पुन्हा सुरुवात केली. जुलैत पावसात भिजून आले, तर काचेच्या आत वाफ धरलेली, आणि संध्याकाळपर्यंत बँड बंद. डब्यावर 5 एटीएम छापलंय, म्हणजे 50 मीटर पाण्याइतक्या दाबाची चाचणी. गरम पाणी, वाफ, साबण त्यात धरत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून अंघोळीला मी तो काढूनच ठेवत असे. तरी सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं: पाणी गेलंय, वॉरंटी नाही, 1,400 रुपये होतील. सेंटर पुण्यात, कुरिअरचा खर्च माझा. चार फोन झाले, प्रत्येक वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली; डब्याचा फोटो आणि बिल जोडलं. अकराव्या दिवशी बदलून देतो असा निरोप आला. बिल जपून ठेवा, आणि पैसे भरायच्या आधी ही तक्रार करून बघा.

पण त्या 38 दिवसांनीच माझं मत बदललं. पहिले चार दिवस मोजणार कोण म्हणून घरातच बसले. पाचव्या दिवशी दूधवाला पैशांना आला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आम्ही रतिबाचे खाडे मांडतो. जून महिन्यात तीन होते, 27 दिवसांचे पैसे दिले. तो गेल्यावर मी कॅलेंडरसमोर उभीच राहिले. तीन खाडे पडले म्हणून 27 दिवसांचं दूध आलंच नाही, असं कुणी म्हणत नाही. मग माझ्या 97 दिवसांचं चालणं एका रात्रीत कसं पुसलं गेलं?

त्या दिवसापासून निळ्या पेनाने दुधाचे खाडे, लाल पेनाने चालण्याचे. आणि डॉक्टरांचं ते दुसरं वाक्य आठवलं: "सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका." पुढच्या भेटीत मी कारण विचारून घेतलं. चालल्यानंतर स्नायू रक्तातली साखर जास्त चांगली ओढून घेतात, हा परिणाम साधारण एक ते तीन दिवस राहतो आणि मग ओसरतो. म्हणजे शरीर दोन चालण्यांमधलं अंतर बघतं, बँड साखळीची लांबी बघतो. डॉक्टरांनी दोन दिवसांची सूट दिली होती, मी ती एकावर आणली, कारण माझे दोन झाले की तीन होतात. घरात आता 'जोडखाडा नको' असा शब्दच पडलाय. मुलगा अभ्यासालाही तोच लावतो.

त्यानेच मला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांचा अभ्यास दाखवला. 96 जणांनी 84 दिवस एकेक नवी सवय पाळायचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत फरक 18 पासून 254 पर्यंत (84 च्या पुढचे आकडे म्हणजे गणिताने काढलेला अंदाज). आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे फेब्रुवारीत वाचलं असतं तर ते 19 दिवस गेले नसते, याची मला आजही हळहळ वाटते.

बदलून आलेला बँड ऑगस्टपासून वापरतेय. गजर, वेळ, नाडी यांसाठी. सलग दिवसांची पाटी पहिल्या पडद्यावरून काढता येते: ॲपमध्ये मांडणी बदलायची आणि ती खाली ढकलायची. पूर्णपणे बंद होत नाही. लक्ष्य पावलांऐवजी मिनिटांचं ठेवलंय, आठवड्याला 150. त्यामुळे किल्ल्याच्या चढाला निदान वेळेचा तरी न्याय मिळतो. एक-दोन दिवस कमी पडले तर रविवारी भरून काढता येतात.

घ्यावा का? सुरुवात होत नसेल तर घ्या, पहिले दोन-तीन महिने तो खरंच उठवतो. पण घरात आजारी माणूस असेल, पाळीची नोकरी असेल, लहान मूल असेल, तर पहिल्याच दिवशी ती पाटी खाली ढकला आणि कॅलेंडरला लाल पेन बांधा. फक्त मोजण्यासाठी घेत असाल तर 2,299 रुपये घालवू नका, पेन 10 रुपयांना मिळतं.

गेल्या आठवड्यात साखर 5.8 आली. सप्टेंबरमध्ये पाच लाल खाडे, त्यातले दोन महालक्ष्म्यांच्या गडबडीतले, पण एकालाही दुसरा चिकटलेला नाही. बँडवर आज सलग 2 दिवस दिसताहेत.