निकालासाठी स्प्रेडशीट: काही महिने वापरल्यावर

आकडेमोडीत माझा हात बरा आहे, कॉम्प्युटरशी मात्र कामापुरताच संबंध. सहामाहीपासून वर्गाचा निकाल स्प्रेडशीटवर, म्हणजे आकडेमोड आपोआप करणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात, करते आहे. सुरुवात गूगल शीट्सवर झाली, आता एक्सेलही उघडते. नवशिक्याला लागणारी सूत्रं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे कोणतं घ्यावं यात फार वेळ घालवू नका.

सगळ्यात आधी गैरहजर विद्यार्थ्याचा प्रश्न सोडवा. समजा, तीन चाचण्या आहेत. एकीत 20, दुसरीत 16 आणि तिसरीला मूल आलंच नाही. सेल, म्हणजे तक्त्यातला चौकोन, रिकामा सोडलात तर अ‍ॅव्हरेज फंक्शन (तयार सूत्र) सरासरी 18 देतं, शून्य टाकलंत तर 12. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर! कोणतं धरायचं हे शिक्षकानेच ठरवायचं, शीट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मी तिथे 'गै' लिहिते. बेरजेचं सम फंक्शन आणि अ‍ॅव्हरेज अक्षरं सोडून देतात आणि काउंटइफने 'गै' किती ते वेगळ्या रकान्यात मोजता येतं. पण बेरीज सेलमध्ये अधिकचं चिन्ह घालून केलीत तर 'गै' येताच एरर.

दुसरी भानगड दशांशाची, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त त्रासदायक. दशांश लपवले की 39.5 हा आकडा पडद्यावर 40 दिसतो. उत्तीर्णची मर्यादा 40 असेल तर अट तपासणारं इफचं सूत्र मात्र आतला 39.5 वाचून 'अनुत्तीर्ण' म्हणतं. पालकाला हे समजावून सांगून बघा! गुण पूर्णांकात धरायचे असतील तर आधी राउंडने आकडा पूर्ण करा, मग इफ.

गुण '8/10' असे लिहू नयेत, त्याची तारीख होते. 'पैकी 10' हे रकान्याच्या मथळ्यात लिहावं. एकूण गुणांचा आकडा एकाच सेलमध्ये ठेवून टक्केवारीचं सूत्र खाली ओढायचं असेल तर सूत्रातल्या त्या सेलच्या पत्त्याला (B2 सारख्या) डॉलरची चिन्हं लावा ($B$2), नाहीतर पत्ताही ओळीओळीने खाली सरकतो. क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडायचा. नुसता गुणांचा रकाना हलला तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात.

चार्ट, रंगीत पट्ट्या वगैरे मी करून पाहिलं. दिसतं छान, उपयोग बेताचाच. खरा फायदा एखादा गुण दुरुस्त केल्यावर कळतो: बेरीज, टक्के, श्रेणी सगळं आपोआप बदलतं, खाडाखोड नाही.

हजेरीसाठी मात्र मी अजून वहीच वापरते. वर्गात उभ्याने, फोनवर त्या बारीक चौकोनांत बोट नेमकं टेकवत बसण्यापेक्षा पेन बरं. महिनाअखेरीची बेरीज तेवढी शीटवर घेते.